एकशे सत्तेचाळीस नंबर घरी पोचला

बत्तिशी मुळात पळणारा माणूसच नव्हे. तो पळताना दिसला असता तर गल्लीतल्या लोकांनी आधी त्याच्या मागे कुत्रं लागलंय का ते पाहिलं असतं. वय त्रेपन्न, पोट जरा पुढे, चष्मा सतत नाकावर घसरलेला आणि बोटांच्या पेरांत कायमचं पांढरं प्लास्टर. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि हा आपल्या दोन खोल्यांच्या कारखान्यात बसून त्यावर कवळ्या बनवायचा. मेणात एकेक दात बसवायचा, साच्यात घालून उकळायचा, घासायचा, पुन्हा घासायचा. एकतीस वर्षं हेच. खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं, बाकी सगळ्या गावाला तो बत्तिशी. माणसाचा चेहरा विसरेल, पण दात विसरायचा नाही.

तर या बत्तिशीला गेल्या वर्षी छातीत जरा जड वाटलं. डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि सांगितलं, "काही नाही, नुसते बसून असता. हालचाल करा." झालं! बायकोने तिथेच, डॉक्टरांच्या टेबलासमोर, त्याच्याकडून वचन घेतलं.

"चालायचं. रोज चालायचं. पण पळायचं नाही. म्हणा, पळणार नाही."

"अगं, मी कशाला पळतोय?"

"म्हणा."

"नाही पळणार."

तिचं तरी काय चुकलं? ती अकरा वर्षांची असताना तिचे वडील सुटणारी बस पकडायला धावले. बस मिळाली, पण ते पायरीवरच गेले. तेव्हापासून कोणी दुधाचं पातेलं उतू जातंय म्हणून धावलं तरी ही "थांबा, थांबा" करत आडवी यायची.

बत्तिशी इमानदारीत चालू लागला. सकाळी सहाला घरातून निघायचा, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन वळसा घालायचा, नाक्यावरच्या बेकरीतून ब्रेड घ्यायचा आणि तिथून डावीकडे वळून, लाँड्रीवरून चढ चढून घरी. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी टाकीच्या उतारावर पाय जरा जास्तच सुटले. त्याने थांबवले नाहीत. उतार संपला, सपाट रस्ता आला, तरी पाय चालूच. दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तो चक्क पळाला, आणि थांबला तेव्हा धाप लागलेली, चष्मा वाफाळलेला, आणि तोंडावर हसू. कशाचं हसू, कुणास ठाऊक. आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी दोन खांब. महिन्याभरात पूर्ण वळसा. बेकरीवाल्याला कळलं की हा थांबला की याला पुन्हा सुरू व्हायला जड जातं, म्हणून तो ब्रेडची पिशवी बाहेरच्या कट्ट्यावर तयार ठेवायचा. बत्तिशी पळता पळता ती उचलायचा आणि डावीकडे वळायचा. घराच्या अलीकडे थांबायचं, घाम पुसायचा, श्वास जाग्यावर आणायचा, मग जिना चढायचा.

बायको म्हणायची, "चालून एवढा लाल होतो का माणूस?"

"चढ आहे ना," हा म्हणायचा आणि न्हाणीत शिरायचा.

घरच्यांत खरं माहीत होतं फक्त ताईला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत एकटी राहणारी, शिवणाची मास्तरीण. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती बिचारीची. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि गावच्या दवाखान्यात मशीन नाही. म्हणजे पहाटे बस, दोन तास जायला, चार तास खुर्चीत सुई टोचून पडायचं, दोन तास यायला. घरी आली की जिन्याच्या पहिल्या पायरीवर अर्धा तास बसायची, मगच वर जायची. गेल्या महिन्यात तर एकदा ती बसमध्येच बेशुद्ध पडली होती. डॉक्टर म्हणाले, हा प्रवास यांना फार दिवस झेपणार नाही.

खुर्चीत पडली की ती बत्तिशीला फोन लावायची.

"काय रे छोट्या, पळालास आज?"

"पळालो."

"कसं वाटलं?"

आता काय सांगणार? मस्त वाटलं म्हणून सांगायचं? ती तिकडे मशीनला जुंपलेली आणि आपण इकडे उतारावरून सुटतोय, मजा करतोय, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? "पाय दुखले," तो म्हणायचा. "कालच्यापेक्षा जास्त दुखले." फोन ठेवला की त्याला स्वतःचा राग यायचा. खोटं बोललो म्हणून, की मजा आली म्हणून, ते मात्र काही केल्या कळायचं नाही. मेणात एक दात तिरका बसला तर तो लगेच काढून सरळ करी, पण हे मनात तिरकं बसलेलं कुठून उचकटायचं, याचा पत्ताच लागेना.

अशातच बटणवाल्या बाईंची शर्यत जाहीर झाली. गावाबाहेर बटणांचा कारखाना होता, त्याच्या या मालकीणबाई. दर वर्षी दहा किलोमीटरची शर्यत भरवायच्या आणि ती पार पडली की गावाला काहीतरी मोठं द्यायच्या. पण अट विचित्र. पहिला कोण आला याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. दहाला निघायचं, आणि कारखान्याचा बाराचा सायरन व्हायच्या आत जितके निघाले तितके सगळे आपापल्या पायांनी पोचले पाहिजेत. एक जरी राहिला तरी देणगी नाही, पुढच्या वर्षी बघू. म्हणे पहिल्या वर्षी शेवटची बाई पोचली तेव्हा खुर्च्याही उचलल्या होत्या, तिच्याकडे बघायला चिटपाखरू नव्हतं. ते बटणवाल्या बाईंच्या मनाला लागलं. "एक बटण तुटलेला शर्ट घालून तुम्ही जाता का कामावर?" एवढंच त्या म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी एक पोस्टमन पायात गोळा येऊन वाटेत बसला आणि गावाला मिळायची रुग्णवाहिका हातची गेली. तो बिचारा अजून मान खाली घालून पत्रं वाटतो.

आणि यंदाची देणगी होती डायलिसिसची मशीन.

ताईनेच कागद आणून दाखवला. "माझ्यासाठी पळशील?"

नाही कसं म्हणणार? पण हो म्हणताना त्याच्या डोक्यात गोंधळच गोंधळ. बायकोला दिलेलं वचन आहे. शिवाय आपण ताईसाठी पळणार की आपल्याला आवडतं म्हणून? आवडतंय म्हटल्यावर त्याला ताईसाठी म्हणायचं का? कुणाला विचारावं तर हसतील. त्याने गुपचूप नाव दिलं.

शर्यतीच्या रविवारी त्याने सकाळी नेहमीसारखा ब्रेड आणला, आणि चहा पिता पिता बायकोला ठोकून दिलं, "एका वकिलाची कवळी तुटलीय. उद्या सकाळी कोर्टात उभं राहायचंय त्याला. दुपारपर्यंत येतो." पिशवीत बूट कोंबले आणि निघाला.

कारखान्यासमोरच्या मैदानावर दोनशे बारा माणसं. शिक्षक, नर्सा, ड्रायव्हर, आख्खं पोस्ट ऑफिस. सगळे एकमेकांना सांगत होते, हळू पळा, घाई नाही, पण थांबू नका. बत्तिशीच्या छातीवर एकशे सत्तेचाळीस नंबर टाचला. ताई शेवटच्या रेषेजवळ खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर पाण्याची छोटीशी बाटली, कारण तिला पाणीही मोजून प्यावं लागायचं. तिने नुसता हात वर केला.

दहाला शिट्टी झाली. पहिले दोन किलोमीटर बत्तिशी गर्दीत होता. मग पुढचे पुढे गेले, मागचे मागे पडले, आणि तो मधल्या मोकळ्या रस्त्यावर एकटाच उरला. इथे खरी गंमत सुरू झाली. श्वास लयीत आला. पाय हलके झाले. ऊन होतं, पण वारा समोरून येत होता. पाण्याच्या टाकीचा ओळखीचा उतार आला आणि त्याचे हात आपोआप सुटले. आहाहा! माणसाला एवढं बरं वाटतं ते कशासाठी? साडेपाच किलोमीटर झाले तरी त्याला काही मोजावंसं वाटलं नाही. दातांचे साचे विसरला, वचन विसरला, आणि खरं सांगायचं तर ताईलाही विसरला.

नाक्यावर खडूने भला मोठा बाण काढला होता, उजवीकडे. बत्तिशीने तो पाहिला. पाहून कौतुकही केलं, काय सुबक काढलाय म्हणून. मग, त्याला पळत येताना पाहून बेकरीवाल्याने सवयीने कट्ट्यावर ठेवलेली ब्रेडची पिशवी उचलली आणि डावीकडे वळला.

लाँड्री गेली. गॅरेजचं कुत्रं ओळखीने शेपूट हलवून गेलं. चढ चढला, जिना चढला, बेल दाबली. बायकोने दार उघडलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे.

"ब्रेड सकाळी आणला होतात ना?" तिने विचारलं.

बत्तिशीने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. 

"आणि हा नंबर कसला? वकिलाने दिला?"

"मी..." तो म्हणाला, "मी इथे कसा आलो?"

"ते मला विचारताय?"

आणि मग त्याला उजवीकडचा तो बाण आठवला. तो तिथेच उंबऱ्यावर मटकन बसला आणि सगळं सांगून टाकलं. टाकीचा उतार, खांब, चार महिन्यांचं लाल तोंड, शर्यत, मशीन. बायको ऐकत होती, कानशिलं तापत होती तिची. तिने एवढंच विचारलं, "चार महिने? चार महिने मला बनवलंत?"  बत्तिशीला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मारेल. दोन्ही चाललं असतं.

पण तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. अकराला पाच कमी.

"म्हणजे तुम्ही पोचला नाहीत तर ताईंची मशीन..."

"गेली."

"उठा."

"रिक्षा चालणार नाही. पायांनीच जायचंय."

"कळतंय मला. उठा, आणि चालायचं. माझ्यासोबत. पळायचं नाही."

ती होती तशीच, घरातल्या सपाता घालून निघाली. ब्रेडची पिशवी कुणाच्या हातात होती ते दोघांनाही कळलं नाही. ती झपाझप चालत होती, एक हात त्याच्या मनगटावर, नाडी बघतेय की पकडून ठेवतेय, देव जाणे. मधेच बोलायची. "खोटारडे." दहा पावलं. "दुखतंय का छातीत?" दहा पावलं. "एवढं सरळ तोंड करून खोटं बोलायचे!" चढ उतरून, लाँड्री मागे टाकून ते नाक्यावर आले तेव्हा बँकेच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. इथून मैदान चार किलोमीटर आणि थोडं.

बायको थांबली. तिने हिशोब केला, ओठ हलले. पुन्हा केला.

"असं चाललो तर सव्वाबारा वाजतील," ती म्हणाली.

  तिने मनगट सोडलं. पदराने त्याच्या मानेवरचा घाम पुसला, जरा जोरातच.

"धावा," ती म्हणाली.

"अगं पण वचन..."

"घेतलं कोणी होतं? मी. मग सोडतेही मीच. धावा म्हणते ना! आणि हे बघा, मेलात तर माझ्याशी गाठ आहे."

बेकरीवाला तोवर बाहेर आला होता. पिशवी कट्ट्यावर ठेवायची सवय आज आपल्याला नडली, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला. "वहिनी, गाडीत बसा," तो म्हणाला. बायकोला शर्यतीचा नियम थोडाच लागू होता? ती पावांच्या गाडीत चढली आणि गाडी बत्तिशीच्या बाजूने निघाली.

ते दृश्य गावाने नंतर वर्षभर सांगितलं. पुढे बत्तिशी, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि शेजारी पावांची गाडी, खिडकीतून अर्धी बाहेर आलेली त्याची बायको.

"हळू! हळू जा!" ती ओरडायची, आणि लगेच हातातलं घड्याळ बघून, "अहो, जोरात!" मग त्याचा चेहरा बघून, "थांबा, पाणी प्या!" आणि त्याने वेग कमी केला की, "थांबलात कशाला?"

बत्तिशीला कळेना, ऐकावं तरी कुणाचं. पाय दुखत होते, खरेच दुखत होते, फुफ्फुसं जळत होती, आणि एवढं होऊनही आत कुठेतरी ती मघाची मजा चालूच होती. हे तर कहरच होतं! मशीन हातची जातेय, बायको रडत ओरडतेय, आणि आपल्याला बरं वाटतंय? आपण माणूस आहोत की कोण, असं त्याला झालं.

मैदानाच्या फाटकातून तो आत आला तेव्हा दोनशे अकरा माणसं रेषेपलीकडे उभी होती. कोणी ओरडत नव्हतं. सगळे श्वास रोखून बघत होते, आणि तो पोस्टमन सगळ्यांच्या पुढे, दोन्ही मुठी आवळून. शेवटची पन्नास पावलं. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झालेली त्याने स्वतः पाहिली. संपलं, असं त्याच्या मनात आलं, पण पाय थांबेनात. रेषा ओलांडली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, आणि मग, त्यानंतर, सायरन झाला.

एकच गलका झाला. बत्तिशीने मान वर केली. कारखान्याच्या फाटकावरच्या खोलीत सायरनवाला खिडकीतून डोकावत होता आणि तोंडभर हसत होता. वरचा डावा सुळा किंचित तिरका. बत्तिशीने ते दात शंभर जणांतून ओळखले असते. सहा वर्षांपूर्वी कवळी करून घेताना हाच माणूस त्याला म्हणाला होता, माझा सुळा पहिल्यापासून तिरका होता, तसाच ठेवा, नाहीतर बायको ओळखायची नाही. आणि बत्तिशीने तो तसाच ठेवला होता.

"बाई," बत्तिशी धापा टाकत म्हणाला, "माझं घड्याळ..."

बटणवाल्या बाईंनी आपल्या हातातलं घड्याळ पाहिलं. सावकाश काढलं आणि पर्समध्ये टाकलं. "माझ्या कारखान्यात सायरन झाला म्हणजे बारा वाजले," त्या म्हणाल्या. "सगळे आलेत. लिहा." पोस्टमन भर मैदानात हमसून हमसून रडायला लागला.

हे खरं झालं की खोटं, हक्काचं की उसनं, याचा विचार करायला बत्तिशीच्या डोक्यात जागाच नव्हती. तो कसाबसा ताईच्या खुर्चीपाशी आला आणि जमिनीवर बसला. बायको सपाता फटफटवत मागून आली, त्याची नाडी धरली आणि ती मोजायची विसरून तशीच बसून राहिली.

"कुठे होतास रे?" ताईने विचारलं.

"घरी गेलो होतो."

"घरी?"

"चुकून. ब्रेड घेऊन."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाटलीतला अर्धा घोट प्यायली. मग म्हणाली, "कसं वाटलं?"

"पाय दुख..."

"छोट्या." ताईचा आवाज एकदम चढला. "चार महिने मी त्या खुर्चीत पडून हेच ऐकतेय. पाय दुखले, पाय दुखले. मला काय वाटत असेल? मी तिथे सुई टोचून पडलेली आणि इकडे माझा भाऊ हाल सोसतोय, आणि शर्यतीचं ठरल्यापासून तर माझ्यापायी. रोज वाटायचं, सांगावं याला, नको पळूस बाबा, मला नको ती मशीन. सुईचं काही नाही रे, सुईची सवय होते. याची नाही झाली."

 एकतीस वर्षं लोकांच्या तोंडाची मापं घेणाऱ्याला हे कधी सुचलंच नव्हतं.

"आता खरं सांग. कसं वाटतं?"

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान वळवली नाही.

"मस्त वाटतं, ताई," तो म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. "खूप मस्त वाटतं गं. टाकीच्या उतारावर तर... मी तुलाही विसरतो."

ताईने डोळे मिटले. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

"सांग," ती म्हणाली. "उतारापासून सांग. अजिबात घाई करू नकोस."

बत्तिशी सांगू लागला. पहिल्या खांबापासून. बायकोने ब्रेडची पिशवी मांडीवर घेतली आणि तीही ऐकत बसली.